किल्ल्याच्या शेवटच्या मजल्यावर

जपानमधल्या मात्सुएमध्ये पावसाचं कुणाला अप्रूप नसतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाने दिवसभर पुटपुटत बसावं तसा तो पडत असतो आणि लोक आपापली कामं करत राहतात. त्यामुळे ऑक्टोबरातल्या त्या दुपारी छत्रीशिवाय दुकानात शिरलेला माणूस बाहेरगावचा आहे, हे चिसातोने नीट न बघताच ओळखलं.

दुकान तिच्या मावशीचं. किल्ल्याच्या खंदकाला लागून, चहाबरोबर खायच्या नाजूक मिठायांचं. मावशी मागच्या बाजूला पुरण घोटत असे आणि चिसातो पुढे गिऱ्हाईक बघत असे.

"एक विचारू?" तो म्हणाला. त्याच्या केसांतून पाणी गळत होतं. "किल्ल्यातल्या जिन्याला कठडा दोन्ही बाजूंनी आहे की एकाच?"

किल्ला किती वाजता उघडतो, तिकीट कुठे मिळतं, होडी कुठून सुटते… लोक तिला काय काय विचारत. हे कुणी कधी विचारलं नव्हतं.

"माहीत नाही."

"आठवत नाही का?"

"मी वर गेलेलीच नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला. "तुम्ही इथल्याच ना?"

"जन्मापासून. तुम्ही कुठले?"

"कोजिमा. ओकायामाच्या खाली, समुद्रकाठी."

"मग समोरच्या सगळ्या बेटांवर जाऊन आला असाल."

तो हसला. "नाही. एकाही नाही."

"झालं तर मग."

तिने त्याला टॉवेल दिला. त्याने तो घेतला तेव्हा तिचं लक्ष त्याच्या बोटांकडे गेलं. सगळी नखं निळी होती, शाईत बुडवून काढल्यासारखी.

"मी जीन्सचं कापड रंगवतो," तो म्हणाला. "नीळ निघत नाही. हात धुतलेत मी."

"मी काही बोलले का?"

"बोलायच्या बेतात होतात."

ती बोलायच्या बेतात होती हे खरं होतं. तिने मान खाली घातली आणि उगाच पेटीतल्या मिठाया सरळ केल्या.

त्याचं नाव शूहेइ. वडील गेल्यापासून आई आणि तो, असं दोघांचंच घर. आईला काचबिंदू होता, नजर बाहेरून आत आक्रसत चालली होती. डॉक्टर म्हणत होते, उन्हाळ्यापर्यंत तरी थोडंफार दिसेल. आईची एकच इच्छा होती, मात्सुएच्या किल्ल्यावर जायचं. एप्रिलमध्ये, फुलं उमलतील तेव्हा तिला आणायचं असं त्याने ठरवलं होतं, आणि आज तो एकटाच सगळं पाहून ठेवायला आला होता. जिने किती उभे आहेत, मध्ये टेकायला कुठे मिळतं, टॅक्सी कुठपर्यंत येते…

पाऊस ओसरल्यावर तो वर जाऊन आला. परत येऊन दारातच म्हणाला, "कठडा आहे. पण जिना कसला, शिडीच आहे ती. तिला कसं चढवायचं तेच कळत नाही."

एरवी चिसातो फार तर 'हो का' म्हणाली असती. त्या दिवशी मात्र तिच्या तोंडून निघून गेलं, "काही विचारायचं असलं तर दुकानात फोन करा. मी चौकशी करून ठेवीन."

त्याने फोन केला. मग पुन्हा केला. दुकान बंद करायच्या वेळी फोन वाजायचा आणि मावशी मागूनच म्हणायची, "घे, तुझा किल्ला आला."

"आज काय विचारायचंय?" चिसातो म्हणायची.

"खालच्या दगडी पायऱ्यांपाशी बाक आहे का?"

"आहे. परवाच सांगितलं."

"हो का… मग बाकाचा रंग कुठला?"

"ओला."

तिकडे तो हसायचा. हसण्याआधी थोडी जागा सुटायची, आणि त्या जागेत चिसातो श्वास धरून उभी असायची. हे आपण काय करतोय, असं तिला फोन ठेवल्यावर वाटायचं. दुकानाच्या काचेत स्वतःचं हसरं तोंड दिसलं की ती दिवा मालवून टाकायची.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी तो पुन्हा आला. या वेळी छत्री घेऊन.

"कुणीतरी डोळे मिटून चढून बघायला हवं," तो म्हणाला. "एप्रिलपर्यंत नजर किती उरेल, कुणास ठाऊक. धरायचं कसं, पाय कुठे अडतो, हे कळलं पाहिजे. मी मिटतो, तुम्ही धरा."

"मी तुम्हाला कशी सावरणार? पडलात तर दोघंही खाली." तिने एप्रनची गाठ सोडली. "मी मिटते."

बुरुजाच्या दाराशी दोघांनी बूट काढले. लाकडी जमीन बर्फासारखी गार होती. चिसातोने डोळे मिटले आणि एक हात पुढे केला. त्याने तो घेतला. हात उबदार होता, तळव्याला खरखरीत.

"पाय उचला. अजून… अजून. हां. आता दुसरा."

तो एक पायरी पुढे राहून तिला वर घेत होता. जुन्या लाकडाचा वास, वर कुठेतरी मुलांची धावपळ, आणि अगदी जवळ त्याचा आवाज.

"तुम्ही माझी बोटं आवळताय."

"थंडी वाजतेय."

"घाबरलात तर सांगा. परत फिरू."

"तुम्ही आईंनाही असंच विचारणार? मग झालंच चढून."

"बरं. उचला पाय."

शेवटचा जिना संपला आणि चारी बाजूंनी वारा अंगावर आला. "पोहोचलो," तो म्हणाला. त्याच्या आवाजात शाळेतल्या पोरासारखा आनंद होता. "उघडा आता. अख्खं तळं दिसतंय इथून."

चिसातोने डोळे उघडले नाहीत.

"पूर्ण दिसतंय?" तिने विचारलं.

"पूर्ण. पार पलीकडच्या डोंगरापर्यंत."

"मग मला खाली घेऊन चला."

"चिसातो-सान…"

"खाली घेऊन चला. प्लीज."

त्याने जसं आणलं तसंच, पायरी पायरीने, तिला खाली नेलं. बाहेर पाइनच्या झाडाखालच्या बाकावर बसल्यावर तिने डोळे उघडले. पाऊस पुन्हा लागला होता. मग तिने त्याला सांगितलं.

ज्याच्याशी तिचं लग्न ठरलं होतं, त्याचं नाव तात्सुया. शिंजी तळ्यात होडी घालून शिंपल्या काढायचा. किल्ल्यावर जाऊ, वरून माझी होडी कुठे असते ते तुला दाखवतो, असं तो नेहमी म्हणायचा, आणि तोच पुढे म्हणायचा, किल्ला कुठे पळून जातोय. दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत पहाटे वारा फिरला. होडी लगेच सापडली. तो नंतर.

"तेव्हापासून मी तळ्याच्या बाजूला जात नाही," ती म्हणाली. "या गावात राहून ते जमवणं सोपं नाही. पण जमतं. डोळे मिटून वर जाता येईल असं मला वाटलं होतं. वारा लागल्यावर कळलं, पाण्याचा वास येतो."

शूहेइने छत्री तिच्या बाजूला कलती धरली होती आणि त्याचा एक खांदा पार भिजला होता. तिचा हात अजून त्याच्या हातात होता. दोघांनाही ते ठाऊक होतं. दोघांनीही सोडला नाही.

*

डिसेंबरभर फोन येत राहिला. आता किल्ल्याचं नावसुद्धा निघत नसे. आज कापडाला रंग नीट चढला नाही, आज मावशीने माझ्यावर चिडून पातेलं आपटलं, आज समुद्रावर धुकं होतं… असंच काहीबाही.

जानेवारीत एका संध्याकाळी त्याचा आवाज वेगळा आला.

"आईची नजर गेली. गेल्या आठवड्यात. सकाळी उठली आणि म्हणाली, शूहेइ, दिवा लाव. खिडकी उघडीच होती. तेव्हा… एप्रिलचं राहू दे. तुम्ही एवढी खटपट केलीत, त्याबद्दल आभार."

"आणा तरी त्यांना," चिसातो म्हणाली.

"काय दाखवायला?"

"दाखवायलाच असं नाही…"

"चिसातो-सान, तुम्ही डोळे मिटले होतेत ते तुमच्या मर्जीने. तिला मर्जी राहिलेली नाही."

चिसातोने फोनची वायर बोटाभोवती गुंडाळली. मग ती हळूच म्हणाली, "माझीही मर्जी नव्हती."

तिकडून, "माफ करा," आणि फोन ठेवल्याचा आवाज.

त्यानंतर फोन आला नाही. बर्फ पडलं, वितळलं, पुन्हा पडलं. खंदकातल्या होड्या रिकाम्या फिरत राहिल्या. दुकान बंद करायची वेळ झाली की चिसातोचे हात आपोआप सावकाश चालायचे, आणि मावशी मागचे दिवे तिच्यासाठी चालू ठेवायची. फेब्रुवारीत तात्सुया गेल्याचा दिवस आला. तिने त्याच्या फोटोपुढे उदबत्ती लावली, डोळे मिटले, हात जोडले, आणि तशा अवस्थेतही तिचा कान दुकानातल्या फोनकडे होता. हे ध्यानात आलं तेव्हा तिला स्वतःची इतकी लाज वाटली की ती कितीतरी वेळ तिथून उठलीच नाही.

फोन वाजला तो फेब्रुवारी संपता संपता. भर दुपारी.

"तिथे चिसातो नावाची मुलगी आहे का?" बाईचा आवाज होता, स्पष्ट आणि जरा कडक.

"मीच."

"मी शूहेइची आई. सुमिए. आंधळ्या बाईला किल्ल्यात सोडतात का गं?"

"सोडतात. बरोबर कुणीतरी हवं. मी विचारून ठेवलंय."

"कधी विचारलंस?"

चिसातो अडखळली. "जानेवारीत…"

"म्हणजे त्याने बेत मोडल्यावर."

"हो."

"अस्सं." सुमिएने श्वास सोडला. "माझा मुलगा महिनाभर घरात मांजरासारखा फिरतोय, पायाचा आवाज होऊ न देता. मला वाटलं, मला जपतोय. मग कळलं, हा फोनपाशी जातो, उभा राहतो आणि परत येतो. मला दिसत नाही गं. ऐकू सगळं येतं."

चिसातोचे कान तापले होते.

"तुला एक सांगते. शूहेइ पोटात असताना आम्ही मात्सुएला आलो होतो. त्याचे बाबा म्हणाले, जिना उभा आहे, तू खाली बस. मी बसले. ते एकटे वर गेले आणि खाली येऊन मला कितीतरी वेळ सांगत राहिले, तळं असं आणि डोंगर तसे. मी आपली पोटावर हात ठेवून ऐकतेय. तेव्हाच मनात घेतलं, एक दिवस आपल्या पायांनी चढायचं. बघायचंय असं मी कधी म्हटलंच नव्हतं. ते शूहेइने ठरवलं. ती फुलंही त्यानेच मध्ये घुसडली."

चिसातोला हसू आलं आणि त्याबरोबर डोळेही भरून आले.

"मग कधी येता?" तिने विचारलं.

"तू सांग. गर्दी नको. पाऊस चालेल."

"पाऊस तर असणारच. मार्चमध्ये या, आठवड्याच्या मधल्या वारी. शूहेइ-सानना…"

"त्याला मी बघते. तू स्टेशनवर ये."

*

गाडी डोंगर ओलांडून आली ती ओलीच. सुमिए लहानखुरी होती. करडा कोट, पायांत भक्कम बूट, आणि चेहरा किंचित वर उचललेला, कुणी हाक मारेल म्हणून थांबल्यासारखा. तिच्या मागे शूहेइ. तो वाकला. चिसातो वाकली. दोघांनाही सरळ व्हायला नको तितका वेळ लागला.

"जानेवारीत मी जे बोललो…" तो म्हणाला.

"नंतर," चिसातो म्हणाली.

"काय बोललास?" सुमिएने विचारलं.

"काही नाही."

"चिसातो, काय बोलला हा?"

"काही नाही, आई."

"दोघं मिळून 'काही नाही' म्हणतात, म्हणजे बरंच आहे," सुमिए म्हणाली. "चला."

दगडी पायऱ्या तिने सावकाश चढल्या. बुरुजात बूट काढताना ती वाकली आणि जमिनीवर तळहात टेकवून पाहिला. "किती गुळगुळीत झालंय," ती म्हणाली. "इतके लोक वर गेले आणि मी तेवढी राहिले."

शूहेइ पुढे, मध्ये सुमिए, मागे चिसातो, दोन्ही हात सुमिएच्या पाठीशी तयार ठेवून. "पाय उचल, आई. अजून," तो म्हणत होता, आणि तो सूर चिसातोच्या ओळखीचा होता. सुमिए दर मजल्यावर थांबायची. एका खांबाला तिने कवेत घ्यायचा प्रयत्न केला. हात पुरले नाहीत.

"याला लोखंडी पट्टे कशाला बांधलेत?"

"एका लाकडाचा नाही तो," शूहेइ म्हणाला. "बाहेरून फळ्या लावून आवळलाय."

"म्हणजे पट्टा बांधलेल्या माझ्या कमरेसारखा. तरी उभा आहे बिचारा."

चौथ्या जिन्यावर तिचा पाय घसरला. चिसातोने तिला खालून दोन्ही हातांनी पेललं, शूहेइने वरून धरलं, आणि तिघंही क्षणभर तसेच जिन्यात लटकल्यासारखे राहिले. सुमिएचा श्वास जोरजोरात चालला होता.

"परत फिरूया, आई," शूहेइ म्हणाला.

"एकदा खाली बसले मी," सुमिए म्हणाली. "तू पोटात होतास म्हणून. आता तू पोटात नाहीस. चढ."

वर वारा होता. पाऊस बारीक झाला होता आणि आडवा येत होता. सुमिएच्या पावलांवरून नजर काढून चिसातोने मान वर केली, तेव्हा कुठे तिला उमगलं की ती संपूर्ण वाट उघड्या डोळ्यांनी चढून आली आहे.

समोर तळं होतं.

करडं, अफाट, आभाळात मिसळून गेलेलं. काठापासून थोडं आत पाइनची झाडं असलेलं ते एवढंसं बेट. त्याच्याही पलीकडे शिंपल्या काढणाऱ्यांच्या दोन होड्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या. त्यातली एक हळूहळू सरकत होती. कुठली असायची तुझी? तिने मनात विचारलं. उत्तर येणार नव्हतं. तिच्या गालांवरून पाणी वाहू लागलं आणि तिने ते पुसलं नाही. ती खांबाला धरून उभी राहिली. पाणी तिथेच होतं, ती इथे होती, आणि दोघांमध्ये नुसता पाऊस होता.

शूहेइ तिच्याकडे बघत होता. जवळ यावं की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

"पोहोचलो का?" सुमिएने विचारलं.

"पोहोचलो," चिसातो म्हणाली.

सुमिए वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. मग थोडी वळली, पुन्हा थोडी, चारी बाजू अंगावर घेत. शूहेइने घसा साफ केला. "आई, समोर तळं आहे. त्यात एक…"

"तळं तुझ्या बाबांनी सांगितलंय," ती म्हणाली. "चांगलं सांगितलं होतं. बिघडवू नको." मग तिने हात लांब करून चिसातोची बाही शोधली. "मला दुसरं काहीतरी हवंय. याचा चेहरा सांग मला. शेवटी शेवटी मला नुसते तुकडे दिसायचे. डोळा दिसला तर तोंड नाही, तोंड दिसलं तर कपाळ नाही. अख्खा चेहरा मी कितीतरी दिवसांत पाहिलेला नाही."

"आई, हे काय…"

"तू गप्प उभा राहा. ती बघतेय."

चिसातोने डोळे पुसले आणि वळली. स्टेशनवर भेटल्यापासून तिने त्याच्याकडे नीट पाहिलं नव्हतं. आता पाहावंच लागणार होतं. तो भिंतीशी उभा होता, हात कुठे ठेवावेत हे न कळून.

"कपाळ रुंद आहे," ती म्हणाली. "मध्ये एक उभी रेघ आहे."

"पडली का? त्याच्या बाबांनाही होती."

"विचार करताना पडते. आत्ता पडलीये. डावी भुवई उजवीपेक्षा जराशी वर… त्यामुळे गप्प असले तरी काहीतरी विचारताहेत असं वाटतं. डोळ्यांखाली काळं झालंय. झोप नाही."

"किती दिवसांची?"

"बरीच. हनुवटीवर दाढी करताना कापलंय. आज सकाळचंच असेल. कानामागे चार केस पांढरे झालेत."

"तिथेही पाहिलंत?" शूहेइ पुटपुटला.

"जिन्यात माझ्या वर होतात तुम्ही." आता थांबणं तिच्या हातात नव्हतं. "ओठ… बोलायच्या आधी एकदा घट्ट मिटतात. मग उघडतात. हे मी आज पहिल्यांदा पाहिलं, आई. पण मला ठाऊक होतं. फोनवर तेवढी जागा सुटायची. मी रोज त्या जागेची वाट बघायची. फोन बंद झाला तरी बघत होते. माझा माणूस त्या तळ्यात गेला, त्याच्या दिवशीसुद्धा बघत होते, आणि मला त्याची लाज वाटली. पण हा चेहरा समोर आला की… चांगला चेहरा आहे, आई. मला तो रोज बघायचाय."

वारा खांबांमधून शिरून पलीकडे निघून गेला.

शूहेइचे ओठ एकदा मिटले.

"मी रोज दुकानाचा नंबर फिरवायचो," तो म्हणाला. "शेवटचा आकडा सोडून. इतकं लागेल असं बोलून गेलो होतो, आता कुठल्या तोंडाने बोलू असं वाटायचं. सगळे आकडे फिरवायचो आणि शेवटच्यापाशी थांबायचो. कामावर रंगाच्या पिंपात कापड जास्त वेळ राहिलं, काळं पडलं… दोनदा. मालक म्हणाले, तुझं लक्ष कुठेय. मी म्हटलं, मात्सुएला."

चिसातो हसली. रडतच हसली.

"झालं?" सुमिएने विचारलं. तिचाही आवाज जरा ओला होता. "आता मला त्या कोपऱ्यात उभी करा, जिथे वारा जास्त आहे तिथे. आणि दोघं पलीकडे जा. मला जरा माझ्या नवऱ्याशी बोलायचंय."

शूहेइने तिला कोपऱ्यात नेलं, तिचे दोन्ही हात खिडकीच्या लाकडावर ठेवले. मग तो तळ्याच्या बाजूला आला, चिसातोच्या शेजारी. खाली पाण्यावर ती होडी बेटाच्या मागे गेली आणि दिसेनाशी झाली. चिसातोने त्याचा हात धरला. त्या पाण्यासमोर तो धरणं तिला जड गेलं. तरी तिने धरला, आणि त्याने बोटं मिटली.

मागे, वाऱ्यात, सुमिए हलक्या आवाजात कुणाला तरी सांगत होती, "हो, चढले. नाही हो, कुणी उचललं नाही. घसरले एकदा… पण मुलं होती."